विहिरीतला पाव

पाव पळसाच्या पानावर ठेवला होता आणि कावळ्यानं पुरावा पळवू नये म्हणून त्यावर बुट्टी पालथी घातली होती. अंगणाच्या मधोमध ती बुट्टी आणि तिच्याभोवती भावकी. मयताला बसावं तशी सगळी बसली होती, फक्त रडत कुणी नव्हतं.

बनुबाई सोप्यात, दाराच्या आड. अंगणातलं सगळं दिसावं आणि आपण कुणाला दिसू नये अशी तिची ती ठरलेली जागा होती. लग्न होऊन आल्यापासून घरातले सगळे निवाडे तिनं तिथूनच ऐकले होते. आज मात्र तिथंही तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुसरी एखादी असती तर तिनं पदर दातांत धरला असता. बनुबाईच्या तोंडात पदर धरण्याइतके दात उरले नव्हते, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली होती.

तो पाव विहिरीत तिनंच टाकला होता.

हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. निदान तिची तशी समजूत होती.

"हात लावू नगा कुनी," नाथाजी म्हणाला. नाथाजी म्हणजे बनुबाईच्या नवऱ्याचा, लालासाहेबांचा चुलतभाऊ, दूध सोसायटीचा चेअरमन. "सकाळी हिरीवर गेलो तर ह्यो तरंगत व्हता. बादली सोडून काढला. पन निस्ता पाव काढून काय हुतंय? पानी तर बाटलंच न्हवं?"

वाटण्या झाल्या तेव्हा रान वाटलं, भांडी वाटली, देव्हाऱ्यातले टाकसुद्धा वाटले. विहीर काही कापता येईना म्हणून ती तेवढी सामाईक राहिली. कडेगावच्या रस्त्याकडेच्या त्या वस्तीवर नळ अजून आलेला नव्हता. सगळी भावकी त्याच विहिरीचं पाणी पीत होती.

"कोकनात काय झालं ठावं हाय न्हवं?" नाथाजीनं सगळ्यांकडे बघितलं. "आजा सांगायचा. रातचा पाद्र्यांनी हिरीत पाव टाकला. सकाळी मान्सं पानी प्याली. दुपारी सांगितलं, तुमी आता आमच्यातलं. न्हाई न्हाई म्हनून लोक रडली, पन परत पंगतीला कुनी घेतलं न्हाई. आख्खी गावं गेली."

माना हलल्या. गेल्या भाद्रपदात गणपती दूध पितोय म्हणून कळलं, तेव्हा हीच भावकी चमचे घेऊन रांगेत उभी होती आणि नाथाजीच्या घरचा गणपती सगळ्यांत जास्त प्यायला होता. चेअरमनचाच गणपती तो. तेव्हा एका पावानं विहीर बाटते यात कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

नाथाजीच्या धाकट्या भावानं, अर्जुनानं, विहीर उपसायला इंजिन कधीच चालू केलं होतं. त्याची धडधड अंगणापर्यंत येत होती. पाणी बाटलेलं होतं, पण ते नाथाजीच्या उसात सोडायला कुणाची हरकत नव्हती. बनुबाईच्या छातीत त्या धडधडीबरोबर दुसरीच धडधड चालली होती. विहिरीत कासव होतं. पाणी तळाला गेलं तर ते कुठं जाईल?

बनुबाईची सून अंकिता अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या पावाच्या भट्टीपाशी उभी होती. तिच्या हाताला अजून मैदा होता. सकाळचा घाणा अर्धा आत, अर्धा बाहेर, अशा वेळी तिला बोलावणं गेलं होतं.

ती भट्टी जुन्या गोठ्याच्या पडवीत उभी राहिली त्याला आता दीड वर्ष होत आलं. उदयसिंहाचा उसाचा ट्रक पलटी झाला, खुबा मोडला, आणि बनुबाईचा तो एकुलता एक लेक मधल्या खोलीत बाजेला खिळला. लालासाहेबांची पेन्शन औषधाला गेली, रान वाट्यानं दिलं, एक एक करून म्हशी गेल्या. घरात ज्वारी निवडायची कामं कमी झाली, कारण ज्वारीच नव्हती. तेव्हा अंकितानं कुणाला न विचारता सांगली गाठली. तिथं मिशनच्या बायकांची एक संस्था होती. ती गरीब बायकांना धंद्याला भांडवल द्यायची. तारण म्हणून रान नको, सोनं नको. पाच जणींनी एकत्र यायचं आणि एकमेकींना जामीन राहायचं, एवढंच. एक बुडाली तर बाकीच्यांची भांडवलाची बारी थांबली. दर आठवड्याला बैठक, बैठकीच्या आधी प्रार्थना. अंकिता भट्टीचं काम शिकून आली आणि कडेगावच्या स्टँडवरच्या वडेवाल्यांना पाव घालू लागली. वस्तीवर खारी आणि नानकटाई खपू लागली. घरात पुन्हा चूल दोन्ही वेळा पेटू लागली.

भट्टीची पहिली वीट बसली त्या दिवशी बनुबाईनं सगळ्या भावकीसमोर हात वर केला होता. "ह्या मिशनच्या भट्टीचा कन जरी माज्या तोंडात गेला, तर ज्योतिबा बघून घील." लोकांनी थोरल्या वहिनींचं कौतुक केलं. कौतुक माणसाला कुठं नेऊन सोडतं ते तेव्हा कळत नाही.

पावसाळ्यात उरलेले दात गेले. भाकरी कुस्करली तरी हिरडीला टोचायची. उपाशी राहून राहून एका सकाळी बनुबाईनं भट्टीतला एक पाव पदराआड घेतला, चहाचा पेला घेतला आणि विहिरीच्या पायऱ्या उतरून ती खाली जाऊन बसली. पाव चहात बुडवला, जिभेवर ठेवला, आणि तो विरघळला. तिला रडू आलं. किती दिवसांनी काहीतरी न दुखता पोटात गेलं होतं.

मग रोजचंच झालं. पावाचं करपलेलं बूड तेवढं चावायचं नाही, ते ती कासवाला टाकायची. चार दिवसांनी स्वयंपाकघरात पितळेच्या वाटीखाली एक पाव आपसूक येऊन बसू लागला. अंकिता काही बोलली नाही, बनुबाईनं काही विचारलं नाही. त्या सासूसुनांमध्ये इतकं सुरळीत दुसरं काही आजवर चाललं नव्हतं.

पण उदयसिंहाचं हाड जुळेना. सळई घातली, बदलली, तरी जुळेना. बनुबाईला कारण कळलं होतं. ज्योतिबा बघून घेत होता. रोज पायऱ्या चढताना ती ठरवायची, उद्यापासून नाही. रोज भूक लागायची. आणि आज सकाळी वरून नाथाजीचा खोकला ऐकू आला, आणि हातातला अख्खाच्या अख्खा पाव पाण्यात गेला. कासव वर आलं नाही. ती पाठीमागच्या पायऱ्यांनी पळाली, तिच्या वयाला शोभत नाही अशी पळाली.

"अंकिते, पाव तुज्याच भट्टीतला न्हवं?" नाथाजीनं विचारलं.

"व्हय."

"हिरीत कसा गेला?"

"म्या टाकला न्हाई."

"मंग कुनी टाकला? पाखरांनी?"

अंकितानं मान वर केली. तिची नजर अंगणावरून सरकत सोप्याच्या दाराशी आली आणि दाराच्या फटीतून थेट बनुबाईच्या डोळ्यांत गेली.  आता सांगणार ही. का नाही सांगणार? आपण हिचं कोणतं भलं केलंय?

अंकितानं नजर खाली घेतली. "मला ठावं न्हाई," ती म्हणाली.

बनुबाईला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज त्याच्या पाठोपाठ आली.

"अर्जुनातात्या, तुमी तरी सांगा," अंकिता म्हणाली. "तुमच्या घरात माजी नानकटाई रोज येतीय. तवा कुनी बाटलं का?"

अर्जुना कालपर्यंत तिच्या बाजूचा होता. भट्टीला विटा त्यानंच आपल्या बैलगाडीतून आणून दिल्या होत्या. पण परवा त्याच्या मयूरीचा साखरपुडा होता. चैत्रात ज्योतिबाच्या नैवेद्याला मलकापूरची माणसं वस्तीवर जेवून गेली होती, मुलगी पसंत करून गेली होती. आता तीच माणसं परवा येणार आणि तांब्यातलं पाणी पिण्याआधी विचारणार, कुठल्या विहिरीचं?

"नानकटाईचं येगळं," अर्जुना तिच्याकडे न बघता म्हणाला. "ती हिरीत न्हाई टाकत कुनी. माज्या पोरीची सोयरीक मोडली तर तुजी संस्था लगीन लावून देनार हाय का?"

त्याचं उत्तर यायच्या आत रस्त्यावरून लुनाचा आवाज आला. सगळ्यांच्या माना वळल्या. अंकिताच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं, कारण आज बैठकीचा वार होता, आणि या गडबडीत एस्तेरबाईंना येऊ नका म्हणून निरोप धाडायचं राहून गेलं होतं.

एस्तेरबाई संस्थेच्या. पांढरी सुती साडी, खांद्याला पिशवी. मागं बसली होती ती भामाबाई, अंकिताच्या गटातली विधवा बाई, लोकांच्या रानात तण काढायला, भांगलणीला जाणारी. दोघी हसत हसत अंगणात शिरल्या आणि बुट्टीभोवतीची माणसं बघून जागच्या जागी थांबल्या.

अर्जुना उठला. शांतपणे चालत लुनापाशी गेला, किल्ली काढली आणि खिशात घातली.  एस्तेरबाईंचा हात लुनाच्या मुठीवर होता. तो त्यांनी काढून घेतला.

"बसा बाई," नाथाजी म्हणाला. "तुमचंच चाललंय."

त्यानं बुट्टी उचलली. भिजून फुगलेला पाव बघून एस्तेरबाईंना आधी काही उमगलंच नाही. मग उमगलं. त्यांनी ओठ ओले केले.

"दादा, आमच्या बैठकीत प्रार्थना होते. मी लपवत नाही," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण शब्द सुटे सुटे होते. "ज्यांना म्हणायची त्या म्हणतात, बाकीच्या आपापल्या देवाचं नाव घेतात. ह्या भामाबाई बिरोबाचं घेतात. धर्म सोडला तरच भांडवल, असं आम्ही कुणाला सांगितलं असेल तर त्या बाईला माझ्यासमोर उभी करा. आणि विहिरीत पाव टाकायचं म्हणाल, तर आमच्या बायका तो विकून घर चालवतात. पाण्यात टाकायला त्यांच्याकडे जास्तीचा नाही."

"त्ये सांगलीत सांगा. भट्टी आज फुटनार."

"आवं, आसं नगा करू," भामाबाई पुढं झाली. "तिची भट्टी बंद पडली तर तिचा हप्ता थकंल. तिचा थकला की आमा चौघींची बारी गेली. फुडल्या महिन्यात मला शिवनयंत्र मिळायचं हाय. पोरीला घिऊन मी अजून किती दिस भांगलायचं?"

"तुला कुनी इचारलं?" नाथाजीनं विचारलं. भामाबाई मागं सरली. तिला कुणी विचारण्याचा प्रसंग आयुष्यात फारसा आलाच नव्हता.

"दादा," नाथाजी आता लालासाहेबांकडे वळला. "तू थोरला हाईस. भट्टी फोडायची, हीर उपसून गोमूत्र टाकायचं, सूनबाईनं थोडं दिस म्हायारी ऱ्हायचं. हे तुला कबूल नसंल, तर आजपास्नं तुज्या घरचं पानी आमाला चालनार न्हाई. मयतीला खांदासुदिक मिळनार न्हाई. बोल."

मधल्या खोलीतून बाज करकरली. उदयसिंह उठायला बघत होता आणि त्याला उठता येत नव्हतं.

लालासाहेब इतका वेळ भावकीत बसून होते. पलटणीत हवालदार होते, एकाहत्तरच्या लढाईत होते, छातीवर लावायचं पदक ट्रंकेत होतं. बनुबाई त्यांना सगळ्या जन्मात कधी नाव घेऊन बोलली नव्हती, कधी उलट बोलली नव्हती. त्यांच्या जोड्याच्या आवाजावरून ती पुढचा तास कसा जाणार ते ओळखायची. आता ते उठले, गोठ्यात गेले आणि पहार घेऊन बाहेर आले. चालत अंकितापाशी गेले आणि पहार तिच्या हातात दिली.

"तूच फोड," ते म्हणाले. "दुसऱ्या कुनाचा हात तिला लागाय नगो."

बोलताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. अंकितानं पहार घेतली. ती जड होती, तिचं टोक जमिनीला लागलं. ती भट्टीकडे वळली. आतल्या पावांचा वास अंगणभर पसरला होता. अजून थोडा वेळ आणि ते भाजून झाले असते. अंकिता भट्टीच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिनं वाकून आत बघितलं, पाव झालेत का ते बघावं तसं. सवयीनंच बघितलं असणार. तेवढं बनुबाईला सोसलं नाही.

ती दाराआडून बाहेर आली. पुरुषांच्या बैठकीत ती अशी कधी आली नव्हती.  तिला खरंच वाटलं की आपण आता इथंच पडणार आणि मग काहीच सांगावं लागणार नाही. पण ती पडली नाही.

"पाव म्या टाकला," ती म्हणाली.

इंजिनाच्या धडधडीत अर्ध्यांना ऐकूच गेलं नाही. तिला ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते पहिल्याहून अवघड गेलं.

"वैनी, सुनंला पाठीशी घालू नगा," नाथाजी म्हणाला. "तुमची शपत समद्यास्नी ठावं हाय."

"शपत मोडली म्या. दिवाळीपास्नं रोज खातीय. दात न्हाईत मला, भाकरी जात न्हाई. रोज सकाळी हिरीत उतरून च्यात बुडवून खाती आन् बूड कासवाला टाकती. आज तू खोकलास आन् आख्खा हातातनं सुटला." तिनं मधल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. खरं भय तिकडंच होतं. "ज्योतिबानं मला नव्हं, माज्या पोराला धरलं. त्याचं हाड जुळंना ते माज्या तोंडापायी. मला ठावं हाय."

लालासाहेब पुतळ्यासारखे उभे होते. नाथाजीनं तोंड उघडलं, पण बनुबाईचं अजून झालं नव्हतं. एकदा सुटल्यावर तिला थांबता येईना.

"आन् आता माजं ऐका. मी बाटली असंन तर चैतात काय झालं? ज्योतिबाचा निवद कुनी रांधला? म्याच. त्या सकाळीबी पाव खाल्ला व्हता. त्याच हातानं पुरन वाटलं, त्याच हातानं पोळ्या लाटल्या. देवानं खाल्ल्या, तुमी खाल्ल्या. नाथाजी, तू पाच खाल्ल्यास. मलकापूरची मान्सं जेवली. मयूरी जेवली. मंग कोन कोन बाटलं त्ये सांग, म्हंजी परवा साखरपुड्याला तसं सांगता यील."

 प्रत्येकजण आपल्या पोटातल्या त्या पोळ्यांचा विचार करत होता. सगळ्यात आधी अर्जुनाच्या डोक्यात उजेड पडला. पाहुणे बाटले, हे पाहुण्यांना कोण सांगणार? तो उठला, खिशातून लुनाची किल्ली काढली आणि एस्तेरबाईंच्या हातात दिली, जणू ती कुठं पडलेली सापडली होती.

"म्हातारं मानूस हाय," तो म्हणाला. "दात न्हाईत तर काय करंल? आन् कासवाला तर आपन समदंच टाकतो. जाऊ द्या. मी इजिन बंद करतो."

"अर्जुना," नाथाजी ओरडला. अर्जुना विहिरीच्या वाटेला लागलासुद्धा होता.

नाथाजीनं बुट्टी पायानं सारली. हरलेल्या माणसाला काहीतरी घेऊन घरी जावं लागतं, आणि त्याला ते सापडलं. "ठीक हाय. पाव कुनी टाकला त्ये कळलं. पन वैनी, देवाची शपत मोडलेल्या हातचा निवद आमाला चालनार न्हाई. फुडच्या चैतापास्नं निवद आमच्या घरातनं हुईल."

तो थोरल्या घराचा मान होता. बनुबाईच्या सासूनं तो तिच्या हाती दिला होता, आणि एका उन्हाळ्यात अंगात ताप असतानाही तिनं तो कुणाला दिला नव्हता. 

"न्या," ती म्हणाली. मग अंकिताकडे हात करून म्हणाली, "हिच्या गटातल्या बाया एकमेकींला जामीन ऱ्हात्यात. मला कुनी गटात घेतलेलं न्हाई. तरीबी आज मी हिला जामीन."

आतून उदयसिंहाचा आवाज आला. "आये."

बनुबाई दारापर्यंत गेली, आत जायला तिचा पाय धजेना.

"पाय माज्या डुलकीनं गेला," तो म्हणाला. आजवर त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. रस्त्यात म्हैस आडवी आली, असंच घरात सगळ्यांना माहीत होतं. "स्टेरिंगवर मी व्हतो, ज्योतिबा न्हवता. पानी दे जरा. हिरीतलंच दे."

तिनं तांब्या भरून नेला. त्यानं सगळा पिऊन टाकला. अंगणातली माणसं एकेक करून उठत होती. एस्तेरबाई भट्टीपाशी अंकिताशेजारी उभ्या होत्या आणि भामाबाई करपत आलेले पाव फडक्यानं बाहेर ओढत होती. पहार तिथंच भिंतीला टेकलेली होती.

उन्हं उतरली तेव्हा बनुबाई पाव घेऊन विहिरीवर गेली. पदराआड घ्यायचं आता काही कारण नव्हतं, तरी तो पदराआडच होता. पाणी पार खाली गेलं होतं. कधी न दिसलेल्या पायऱ्या शेवाळलेल्या, उघड्या पडल्या होत्या. ती भिंतीला हात लावत उतरली आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर बसली. पावाचा तुकडा टाकला. तो काळ्या पाण्यावर तरंगत राहिला.

कासव आलं नाही. इंजिनानं गढूळ झालेलं पाणी हलत नव्हतं. इंजिनाच्या पाइपात काही ओढलं गेलं असलं तर? तिनं दुसरा तुकडा टाकला. देवाचा मान गेला तो गेला, पण हे मुकं जनावर आपल्यापायी गेलं असेल, या विचारानं ती आणखी पुढं वाकली.

"तितं न्हाई," वरून आवाज आला. "डाव्या अंगाला टाक. कपारीपाशी. रोज तितंच टाकतीस."

लालासाहेब होते. दोन पायऱ्या वर बसले होते. कधी आले ते तिला कळलं नव्हतं. तिनं डावीकडे तुकडा टाकला. थोड्या वेळानं कपारीखालचं पाणी हललं आणि कासवाचं म्हातारं डोकं वर आलं. तुकडा गिळून ते पुन्हा खाली गेलं. बनुबाईनं श्वास सोडला.

मग तिच्या ध्यानात आलं.

"तुमाला कसं ठावं, रोज कुटं टाकती त्ये?"

ते इंजिनाच्या खोपीकडे बघत राहिले. तिथून पायऱ्या सरळ दिसतात. पहाटे ते तिथंच दाढी करतात.

"कवापास्नं ठावं हाय?"

"दिवाळीपास्नं."

"म्हंजी आज सकाळीबी..."

"बघितलं. तू पळालीस त्येबी."

वर रस्त्यावरून लुना गेली.  बनुबाईच्या हातातला पाव चुरगळला गेला होता. ज्या माणसाच्या जोड्याच्या आवाजाला ती जन्मभर भ्याली, तो माणूस अख्खी सकाळ भावकीत बसून राहिला होता, आणि त्याला सगळं ठाऊक होतं.

"आन् तरीबी पहार तिच्या हातात दिलीसा," ती म्हणाली. "बोलला का न्हाईसा?"

लालासाहेबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"भ्यालो," ते म्हणाले. "मला खांदा द्यायला कुनी येनार न्हाई म्हनला न्हवं नाथाजी. भ्यालो गं मी."

तो शब्द त्यांच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकला. एरवी असं काही ऐकून ती विरघळली असती, त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठली असती. ती उठली नाही. उरलेला पाव तिनं कपारीपाशी टाकला आणि पाण्याकडे बघत म्हणाली,

"मला सांगून काय उपेग? पहार माज्या हातात कुटं व्हती?"

 लालासाहेब गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि पायऱ्या चढू लागले. त्यांचे जोडे आज फार हळू वाजत होते. ते घराकडे वळतात की भट्टीकडे, हे कळेपर्यंत बनुबाई खालीच, कान देऊन बसून राहिली.

जोडे भट्टीकडे गेले.